मंजूर पदे, रिक्त पदे आणि आपली मुले

(स्मृतिव्याख्यानमालेतील भाषणाची संपादित संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांची ओळख या गावाला करून द्यायला नको. शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे मुले येऊन बसत. कुणाच्या घरी दारू असे, कुणाचे परीक्षेचे टेन्शन असे, कुणाला नुसतेच रडायचे असे. सर ऐकून घेत. त्यांना पगार मिळे तो गणित शिकवण्याचा. हे काम ते स्वतःच्या सवडीत करीत आणि त्याबद्दल कधी बोलतही नसत. त्या कामाविषयीच मी आज बोलणार आहे. गावोगावच्या मुलांचे ऐकून घेण्याचे काम एखाद्या भल्या माणसाच्या सवडीवर सोडून चालणार नाही. त्यासाठी सरकारने पद मंजूर करावे, ते भरावे, त्यावरच्या माणसाला वेळच्या वेळी पगार द्यावा आणि तो माणूस वर्षानुवर्षे त्याच जागी राहील असे पाहावे. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. मानसिक आरोग्याच्या व्याख्यानात आस्थापना आणि अंदाजपत्रक कशाला, असे काहींना वाटेल. पण मी सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात मानसोपचार समाजकार्यकर्ती म्हणून आयुष्य काढले आहे, आणि मुलांचे नुकसान कुठे होते ते मी तिथे पाहिले आहे.

आधी प्रश्न केवढा आहे ते बघू. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. 13 ते 17 या वयोगटातल्या 7.3 टक्के मुलामुलींमध्ये उपचारांची गरज असलेला मानसिक विकार आढळला. साठ मुलांच्या वर्गात अशी चार मुले धरा. मोठ्या शहरांत हे प्रमाण ग्रामीण भागाच्या जवळपास दुप्पट निघाले. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. आता दुसरा आकडा घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वांत मोठी होती. जिथे सर्वाधिक विद्यार्थी गेले, तिथली मुले निम्हान्सच्या सर्वेक्षणात आलीच नाहीत. हे आकडे उच्चारताना मला आजही जड जाते, कारण त्यांतल्या प्रत्येकाच्या मागे एक घर आहे आणि त्या घरात आजही कुणीतरी स्वतःला दोष देत बसलेले आहे.

वयाचाही विचार करा. अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की प्रौढपणी आढळणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे आठवीच्या वर्गापासून पहिल्या नोकरीपर्यंतचा जो काळ, तोच मदत पोहोचवण्याचा काळ. आपली यंत्रणा नेमकी या काळाच्या मधोमध, अठराव्या वर्षी, तुटते. सतरा वर्षांचा मुलगा बालरोग विभागाचा, अठरा पूर्ण झाले की प्रौढांच्या ओपीडीचा. बारावीचा निकाल, घर सोडून लातूरला किंवा पुण्याला जाणे, वसतिगृहातली पहिली रात्र, हे सगळे त्याच सुमाराला येते. ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये 'हेडस्पेस' नावाची केंद्रे सुरू केली, ती ठरवून 12 ते 25 या वयासाठी. आपल्याकडे राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी 2014 मध्ये सुरू झाला, तो 10 ते 19 वयासाठी आहे. महाराष्ट्रात त्याच्या केंद्रांना 'मैत्री' असे सुंदर नाव दिले आहे. विसाव्या वर्षी ही मैत्री संपते.

आता कायद्याकडे येते. आपल्याकडे कायदा नाही, धोरण नाही, अशी तक्रार करायला जागा नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा आहे. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात निम्हान्सने एक प्रयोग केला आणि त्याच्या आधारावर 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. आज तो कागदोपत्री 767 जिल्ह्यांना मंजूर आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 मध्ये लागू झाला. त्याचे कलम 18 प्रत्येक व्यक्तीला सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क देते, आणि त्यात मुलांसाठीच्या सेवा वेगळ्या नमूद केल्या आहेत. आपल्या जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल, तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, असेही हे कलम सांगते. कलम 31 त्याहून महत्त्वाचे आहे आणि त्याची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्यातले व्यावसायिक किती असावेत याचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ते कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत गाठण्यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असे त्यात लिहिले आहे. ती दहा वर्षे 2028 मध्ये पुरी होतात. आजची स्थिती काय? संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने 2023 मध्ये सांगितले की देशात लाख लोकांमागे 0.75 मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि किमान 3 हवेत. मुलांच्या मनोविकारांत विशेष प्रशिक्षण घेतलेले त्यांतले किती थोडे असतील, याची कल्पना करा.

पैशांचे बघू. केंद्र सरकारच्या 2024-25 च्या अंदाजपत्रकात आरोग्य मंत्रालयासाठी सुमारे 91 हजार कोटी रुपये होते. त्यात मानसिक आरोग्याच्या नावाने थेट दिसणारी रक्कम साधारण एक हजार कोटी, आणि त्यातले 850 कोटी एकट्या निम्हान्सला. निम्हान्सला पैसे मिळू नयेत असे मी म्हणणार नाही. देशाला शिकवणारी, संशोधन करणारी ती संस्था आहे आणि तिचे ऋण माझ्यासारख्या प्रत्येकावर आहे. पण धुळ्याच्या किंवा हिंगोलीच्या मुलाला बंगळुरू गाठता येत नाही. त्याच्यासाठी जो जिल्हा कार्यक्रम आहे, त्याचे पैसे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतात आणि त्यांची कमाल मर्यादा जिल्ह्यामागे वर्षाला 83.2 लाख रुपये. यात पगार आले, औषधे आली, प्रशिक्षण आले, जनजागृती आली, गाडीभाडे आले. 2011 च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाख होती. भागाकार करून बघा, माणशी वर्षाला एक रुपयासुद्धा येत नाही. आणि मर्यादा गडचिरोलीलाही तीच, पुण्यालाही तीच.

एवढी रक्कमसुद्धा पुरती खर्च होत नाही, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. मंत्रालयातून मग विचारणा होते की मिळालेले खर्च होत नाही, तर वाढवून कशाला मागता? खर्च का होत नाही ते सांगते. रकमेचा मोठा भाग पगारांचा असतो. पद भरलेले नसेल तर पगार निघत नाही, पगार निघाला नाही की निधी शिल्लक राहतो, शिल्लक राहिला की पुढच्या वर्षीच्या आराखड्यात, ज्याला आमच्याकडे सगळे पीआयपी म्हणतात, कात्री लागते. आणि पद का भरलेले नसते? कारण ते कंत्राटी असते. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग नवी ऑर्डर. पगार वेळेवर येईल याची शाश्वती नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायला पदव्युत्तर शिक्षणानंतर आणखी काही वर्षे घालवावी लागतात आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळवावी लागते. एवढे शिकलेली मुलगी जिल्ह्याच्या ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर का राहील? ती राहिलीच, तर एके दिवशी पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयातून फोन येतो आणि ती जाते. मी तिला दोष देत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या राज्यभरातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी 2025 च्या ऑगस्टमध्ये संप केला, तो कायम करण्याच्या मागणीसाठी होता. वर्तमानपत्रांतून ती नोकरीची मागणी म्हणून वाचली गेली. रुग्णाच्या बाजूने वाचली तर ती उपचारांची मागणी होती.

ती तशी का होती, हे समजण्यासाठी एक केसपेपर डोळ्यांसमोर आणा. मुलगा अकरावीतला. वडील ऊसतोडीला जाणारे. शाळेत जायचे बंद झाले, रात्री झोप नाही, अंगावर काही करून घेतले म्हणून आईने आणलेला. घरापासून सिव्हिलपर्यंत दोन एसट्या. पहिल्या वेळी सगळे आईच बोलली. दुसऱ्या वेळी त्याने मान वर करून खिडकीबाहेर पाहिले, एवढेच. तिसऱ्या खेपेला आमच्या समुपदेशक मुलीने आईला बाहेर बसायला सांगितले, आणि पाऊण तास गेल्यावर तो बोलला. काय बोलला ते सांगण्याचा अधिकार मला नाही. त्या दिवशी केसपेपरवर तिने एवढेच लिहिले होते की पुढच्या गुरुवारी नक्की येतो म्हणाला. पुढच्या गुरुवारी तो आला. ती नव्हती. तिची मुदत संपली होती आणि नवी ऑर्डर निघालेली नव्हती. तंबाखूमुक्तीचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार होता. तो मनापासून काम करणारा माणूस, पण त्याने केसपेपर उलटून पहिला प्रश्न विचारला तो असा, की बाळा, पहिल्यापासून सांग, काय होतंय? मुलगा उठून बाहेर गेला. आई मागे राहिली, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन गेली. त्यानंतर त्या केसपेपरवर नोंद नाही.

तेवढ्या एका आठवड्यात सरकारचे किती रुपये वाचले असतील?

या वयाच्या मुलांची गोष्ट मोठ्यांपेक्षा वेगळी असते. मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर बदललेला चालतो, गोळी तीच राहते. सोळा वर्षांचे मूल मात्र माणसावर विश्वास टाकते. तो बसायला वेळ लागतो, आणि एकदा मोडला की पुन्हा कोणत्याच मोठ्या माणसावर बसत नाही. म्हणून इथे नेमणुकीची सलगता हाच उपचाराचा भाग आहे. औषधाचा साठा संपला तर वरिष्ठांकडे तातडीचा अहवाल जातो. समुपदेशकाचे पद रिकामे झाले तर तसा अहवाल जात नाही, तो जायला हवा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की तज्ज्ञच नाहीत, तर आणणार कुठून? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर आपल्याच देशात काढले गेले आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात चौऱ्याहत्तर शाळांमध्ये 'सेहर' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. शाळांचे तीन गट केले होते. एका गटात बाहेरून नेमलेला, मानसशास्त्राची व्यावसायिक पदवी नसलेला पण प्रशिक्षण दिलेला पूर्णवेळ समुपदेशक. दुसऱ्या गटात तेच कार्यक्रम, तीच पुस्तिका, पण काम शाळेतल्याच शिक्षकाकडे. तिसऱ्या गटात नेहमीचेच चालू ठेवले. कार्यक्रम साधे होते. मुलांनी मनातले लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, दादागिरीविरुद्ध शाळेचे नियम, आणि ज्याला हवे त्याच्याशी एकांतात बोलणे. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण बदलले, मुलांमधली नैराश्याची लक्षणे घटली, मारहाण आणि छळ कमी झाला. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत नेहमीच्या शाळांपेक्षा फरक पडला नाही.

मी हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा मला शिक्षकांची बाजू घ्यावीशी वाटली, आणि आजही घेते. आपल्या शिक्षकांकडे काय काय आहे? निवडणूक याद्या, पोषण आहाराचा हिशेब, शंभर ऑनलाइन माहित्या. शिवाय तोच शिक्षक गुण देतो, तोच वर्गाबाहेर उभे करतो, त्याच्यासमोर मूल मन कसे मोकळे करील? तरीही केंद्राच्या 2020 च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे ठरले, कारण त्यात नवा पगार द्यावा लागत नाही. ज्या मार्गाने फरक पडत नाही हे आपल्याच देशात मोजून दाखवले आहे, तो मार्ग स्वस्त म्हणून राष्ट्रीय पातळीवर निवडला जातो, याचे मला अतिशय वाईट वाटते.

दुसरा दाखला आपल्या घरचा, विदर्भातला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक, आणि गरज पडेल तिथे मनोविकारतज्ज्ञ, अशी रचना. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार-पाच जण मदत घेत होते, 4.3 टक्के. अठरा महिन्यांनी हे प्रमाण 27.2 टक्के झाले. गोव्यात 'संगात' ही संस्था 1996 पासून काम करते आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत नैराश्यावर दिलेल्या उपचारांचा गुण आला, हेही शास्त्रशुद्ध चाचणीत सिद्ध झाले आहे. तेव्हा लाखामागे तीन मनोविकारतज्ज्ञ होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. शाळेत आणि गावात प्रशिक्षित माणूस, तालुक्याला मानसशास्त्रज्ञ, जिल्ह्याला मनोविकारतज्ज्ञ, आणि वरच्याने खालच्याला दर आठवड्याला मार्गदर्शन करायचे. मार्गदर्शनाशिवाय नुसतीच माणसे नेमली तर ती एकटी पडतात आणि चुका होतात. म्हणून वरची पदेही भरलेलीच हवीत.

टेलिमानसविषयी बोलायला हवे. 2022 च्या 10 ऑक्टोबरला ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. क्रमांक 14416, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. इथे बसलेल्या प्रत्येकाने हा क्रमांक आजच फोनमध्ये साठवून घ्यावा आणि मुलांनाही द्यावा. जीव नकोसा झालाय असे कुणी म्हणाले तर त्याला एकटे सोडू नका, हा क्रमांक लावून द्या. रात्री दोन वाजता मुलाला दुसरा आवाज मिळतो ही फार मोठी गोष्ट आहे. पण फोनवरचा माणूस शेवटी सांगतो की प्रत्यक्ष तपासणी हवी, जिल्हा रुग्णालयात जा. तिथे कुणी असेल तरच त्या फोनला अर्थ राहतो. फोनसाठीची तरतूदही 2023-24 च्या सुमारे 134 कोटींवरून पुढच्या वर्षी 90 कोटींवर आली.

न्यायालयाने मात्र पदांबद्दल स्पष्ट भाषा वापरली आहे. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये देशभरच्या शिक्षणसंस्थांना आणि शिकवणी वर्गांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. लातूर, नांदेड, पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका, आदिवासी आश्रमशाळा, समाजकल्याणची वसतिगृहे, ही सगळी नावे डोळ्यांपुढे आणून बघा. मला धास्ती वाटते ती एवढीच की फलकावर एक नाव लिहिले जाईल, तेच नाव पाच संस्थांच्या फलकांवर असेल, आणि तपासणी आली की त्या दिवसापुरता तो माणूस खुर्चीत बसेल. तपासणाऱ्याने मुलांना विचारावे, शेवटचे कधी भेटलात.

आता खर्चाचा हिशेब, कारण पैसे नाहीत हे वाक्य मी फार वर्षे ऐकले. महाराष्ट्रात 358 तालुके. प्रत्येक तालुक्यात फक्त 12 ते 25 वयोगटासाठी दोन पूर्णवेळ समुपदेशक, आणि त्यांना महिना 50 हजार रुपये पगार, असे धरा. ही रक्कम मी माझ्या अंदाजाने धरली आहे, तुम्ही कमीजास्त करून बघा. 716 माणसे, प्रत्येकी वर्षाला सहा लाख, एकूण साधारण 43 कोटी. राज्याचे 2025-26 चे अंदाजपत्रक सात लाख कोटींचे होते. प्रवासभत्ता, प्रशिक्षण, मार्गदर्शन धरून ही रक्कम दुप्पट केली तरी ती त्या अंदाजपत्रकात शोधून काढावी लागेल. प्रश्न पैशांचा म्हणून मांडला जातो, पण अडते ते पदनिर्मितीपाशी. नवे कायम पद म्हणजे तीस वर्षांची जबाबदारी, म्हणून वित्त विभाग हात आखडता घेतो. योजना दोन वर्षांत बंद करता येते. मुलांचे बारा ते पंचवीस हे वय मात्र तेरा वर्षे चालते, आणि दर वर्षी नवी मुले त्यात येतात. काम कायमचे असेल तर पदही कायमचेच असले पाहिजे.

आपल्या समाजाने याआधी बरेच केले आहे, ते विसरून चालणार नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था उभी केली. कॅनडात स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि कुटुंबांसाठी पुण्यात संस्था सुरू केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई' हा चित्रपट काढला, पुढे जगणे नकोसे झालेल्या तरुणावरचा 'कासव' काढला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. मराठी माणूस या विषयावर आता बोलायला लागला आहे, आईवडील मुलाला घेऊन ओपीडीपर्यंत येऊ लागले आहेत. त्यांनी लाज ओलांडली. दारात आल्यावर कुलूप दिसू नये, एवढी जबाबदारी सरकारची आहे.

भाषण ऐकून घरी जाण्याआधी एक काम करा, अशी माझी विनंती आहे. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज मी तयार करून आणला आहे. तो जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे आहे. शुल्क दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. त्यात विचारले आहे की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात आपल्या जिल्ह्याला कोणती पदे मंजूर आहेत, त्यांतली आज किती भरलेली आहेत, रिकामी असलेली प्रत्येक जागा कोणत्या तारखेपासून रिकामी आहे, गेल्या तीन वर्षांत किती निधी मिळाला आणि किती खर्च झाला, आणि कलम 18 मध्ये नमूद केलेली मुलांसाठीची सेवा जिल्ह्यात कुठे, कोणत्या वारी मिळते. अर्जाच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. तालुक्यातालुक्यातल्या श्रोत्यांनी मैत्री केंद्रांविषयी हेच प्रश्न आपापल्या ग्रामीण रुग्णालयाला विचारावेत. उत्तरे आली की व्याख्यानमालेच्या कार्यालयात आणून द्या. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी ती एकत्र करून पालकमंत्र्यांना आणि आपल्या आमदारांना भेटायचे, असे व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांशी माझे बोलणे झाले आहे. 2028 ची मुदत त्या निवेदनात ठळक लिहायची.